दुबईचा फ्रीलान्स व्हिसा: सोलापूर सोडण्याआधी पदवीचं काम उरका

‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बघू’ असं कुणी सांगितलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. भेटीच्या व्हिसावर काम करणं यूएईत गुन्हा आहे. तिथल्या कामगार कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर असं काम देणाऱ्यालाच एक लाख ते दहा लाख दिरहम दंड होऊ शकतो. तुमच्यासाठी कोण एवढं अंगावर घेईल?

मी इंटिरिअरची थ्रीडी ड्रॉइंग करतो. स्वतःचं, मेहुण्याचं आणि ओळखीतल्या चौघांचं मिळून सहा वेळा हे सगळं निस्तरलंय.

पहिलं काम, मार्ग ठरवणं. कंपनीच्या व्हिसावर असताना बाहेरची कामं परवान्याशिवाय घेता येत नाहीत. स्वतःच्या नावानं काम करायचं तर ग्रीन व्हिसा आहे, पाच वर्षांचा. पण त्याला मागच्या दोन वर्षांत स्वतंत्र कामातून वर्षाला किमान ३,६०,००० दिरहम कमाई किंवा तिथं राहण्याइतकी ऐपत दाखवावी लागते. आपल्यातल्या बहुतेकांना फ्री झोनचं (व्यवसायासाठी वेगळे नियम असलेला खास भाग) फ्रीलान्स परमिटच परवडतं. आपलं काम त्या झोनच्या यादीत बसतं का, ते आधी बघा. आणि परमिट म्हणजे व्हिसा नव्हे: परमिट काम करण्याचं, व्हिसा राहण्याचा, दोन्हीचे पैसे वेगळे. एजंट नेमकं हेच शेवटी सांगतो.

आता पदवी. इथंच मी चार महिने घालवले.

आपली पदवी तिथं खरी धरली जावी म्हणून तिच्यावर क्रमानं शिक्के लागतात: विद्यापीठाची पडताळणी, राज्य सरकारचा शिक्का (याला सगळे ‘एचआरडी’ म्हणतात), दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा. शेवटी यूएईच्या परराष्ट्र खात्याचा. ‘अपोस्टिल करून देतो, एका शिक्क्यात काम’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अपोस्टिल म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा शिक्का, तो यूएईसाठी नाही. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट तुमच्याकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. तेवढ्यापुरती एजन्सी ठीक. विद्यापीठाचं काम मात्र स्वतः जाऊन करा.

माझी पदवी वडिलांनी कौतुकानं लॅमिनेट करून भिंतीला लावली होती. शिक्के मूळ कागदाच्या मागच्या बाजूला बसतात, प्लॅस्टिकवर नाही. एका दुकानदारानं ‘गरम इस्त्रीनं सुटतं’ म्हणून हात घातला आणि कुलगुरूंच्या सहीचा अर्धा भाग प्लॅस्टिकला चिकटून आला. मग दुय्यम प्रत, त्याचा अर्ज, त्याच्या खेपा. पदवी लॅमिनेट असेल तर ती सोलू नका, सरळ दुय्यम प्रतीचा अर्ज करा.

दुसरी गंमत विद्यापीठाच्या नावाची. आपलं विद्यापीठ २००४ चं. त्याआधीची पदवी असेल तर ती शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठा. २००४ नंतरच्या जुन्या पदव्यांवर नुसतं ‘सोलापूर विद्यापीठ’ आहे आणि आजच्या पडताळणीपत्रावर ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’. नाव बदललं आहे असा उल्लेख पत्रातच मागून घ्या. नाहीतर पुढच्या खिडकीवर ही दोन विद्यापीठं आहेत का, हे समजावत बसाल.

तिसरं, तुमचं स्वतःचं नाव. मार्कलिस्टवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. एवढा फरक चालतो. पण पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं असेल किंवा स्पेलिंग वेगळं असेल, तर आधी दुरुस्ती करा, मग शिक्क्यांच्या मागे लागा. लग्नानंतर नाव बदललेल्यांना विवाह दाखलाही याच साखळीतून न्यावा लागतो, फक्त राज्याचं खातं वेगळं.

डिझाइनच्या परमिटला सगळीकडे पदवी मागतात असं नाही. तरी करून ठेवाच. तिथं गेल्यावर गरज पडली तर मूळ कागद कुरिअरनं परत इकडे पाठवावा लागतो आणि तो पोचेपर्यंत झोप लागत नाही.

पुढचं सोपं आहे: अर्ज, फोटो, कामाचे नमुने, एंट्री परमिट. आत गेल्यावर साठ दिवसांत वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र).

कराचं एकच सांगतो. तिथं पगारावर आयकर नाही, पण व्यवसायाची वार्षिक उलाढाल दहा लाख दिरहमच्या वर गेली तर कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी लागते. इकडे आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तुम्ही भारताचे रहिवासी. म्हणून गड्ड्याच्या जत्रेला, लग्नाला, सुगीला येताना पासपोर्टवरचे शिक्के मोजत जा. आणि निघण्याआधी बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करायला सांगा.