टॉरेंटवरचा व्हिडिओ पूर्ण उतरायच्या आधीच कसा बघायचा

टॉरेंट (म्हणजे एकच फाइल तुकड्या-तुकड्यांनी अनेक लोकांच्या कॉम्प्युटरवरून उतरवायची पद्धत) म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात रात्री डाउनलोडला लावायचं आणि सकाळी बघायचं एवढंच असतं. पण फाइल उतरत असतानाच बघता येते, त्यासाठी फक्त दोन टिक कराव्या लागतात. ट्राय करायला ब्लेंडर फाउंडेशनची २०१० ची 'सिंटेल' घ्या, पंधराएक मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आहे आणि क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर आहे, म्हणजे ती वाटायची परवानगी बनवणाऱ्यांनीच दिलीय, त्यामुळे टॉरेंटने घेतली तरी कायद्याची भानगड नाही.

आधी क्यूबिटटॉरेंट (टॉरेंट उतरवायला) आणि व्हीएलसी (व्हिडिओ बघायला) टाकून घ्या, दोन्ही फुकट आहेत, फक्त त्यांच्या ऑफिशियल साइटवरूनच घ्या. टॉरेंट फाइल उघडली की एक विंडो येते, तिथे फाइल ओळीने डाउनलोड करायचा ऑप्शन आहे आणि पहिले-शेवटचे तुकडे आधी घ्यायचा दुसरा, दोन्हीवर टिक करा.

हे का करायचं? तर टॉरेंट एरवी तुकडे ओळीने घेतच नाही, ज्या तुकड्याच्या कॉपी सगळ्यात कमी लोकांकडे आहेत तो आधी उचलतं, म्हणजे फाइल देणारा एखादा माणूस निघून गेला तरी फाइल अर्धवट लटकत नाही. डाउनलोडसाठी हे झकास, पण बघायला बसलात तर शेवटचा सीन हजर आणि सुरुवातीचाच पत्ता नाही. आणि शेवटचे तुकडे आधी मागवायचे कारण कुठला सीन फाइलमध्ये कुठे आहे याची यादी काही एमपी४ फाइल्समध्ये पार शेवटी असते, ती मिळाल्याशिवाय प्लेअर सहसा सुरूच होत नाही.

आता लगेच प्ले दाबू नका, थोडं गणित करा. समजा फाइल १३० एमबीची आहे आणि फिल्म १५ मिनिटांची म्हणजे ९०० सेकंद, भागलं की सेकंदाला साधारण १४५ केबी येतं. क्यूबिटटॉरेंटमध्ये स्पीड याच्या दुप्पट दिसत असेल तर बिनधास्त सुरू करा, जेमतेम तेवढाच असेल तर थोडी फाइल साठू द्या, आणि सीडर (पूर्ण फाइल असलेला आणि ती इतरांना देणारा) एखाददुसराच असेल तर सरळ पूर्ण उतरवूनच बघा, उगाच डोक्याला ताप नको.

मग फाइलवर राइट क्लिक करून प्रिव्ह्यू करा किंवा सरळ व्हीएलसीमध्ये उघडा. पुढे पळवायचा मोह मात्र टाळा, न आलेल्या भागात उडी मारली की चित्र फाटतं नाहीतर अडकतं.

एवढाही खटाटोप नको असेल तर वेबटॉरेंट डेस्कटॉप टाका, ते स्वतःच बघायच्या हिशोबाने तुकडे मागवतं आणि सिंटेल त्याच्या लिस्टमध्ये आधीपासूनच असते.

बघून झालं की लगेच टॉरेंट काढून टाकू नका, ओळीने घेणारा माणूस इतरांना दुर्मिळ तुकडे कमीच देतो, तेव्हा थोडा वेळ सीडिंग, म्हणजे उतरलेली फाइल इतरांना देणं, चालू ठेवणं हे माझ्या मते साधं मॅनर्स आहे. फक्त मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर सेटिंगमध्ये अपलोडला लिमिट लावा, कारण अपलोडसुद्धा तुमच्या रोजच्या डेटातूनच कापलं जातं.