टीव्हीवर भलतंच सजेस्ट होतंय? या चुका टाळा

गणपतीत भाचेकंपनी आठवडाभर राहून गेली आणि पुढे महिनाभर आमच्या टीव्हीवर नुसती जेसीबीची खोदाई, आईला कीर्तन लावायचं तर आधी चार जेसीबी ओलांडून जावं लागायचं. आता यात काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमला शिव्या घालून काय होणार, समोर कोण बसलंय त्याला कुठे दिसतंय, एक लॉगिन म्हणजे एक माणूस एवढंच तो धरून चालतो.

तर मेन चूक हीच, अख्ख्या घराला एक प्रोफाइल. नेटफ्लिक्सने 2013 मध्येच वेगळी प्रोफाइल आणली, एका अकाउंटवर पाच होतात, पण कोण बघतंय विचारलं की आपण पहिल्या चौकोनावर ओके दाबून मोकळे! यूट्यूबलाही टीव्हीवर दुसरं अकाउंट जोडता येतं, आणि पाहुणे असतील तेवढे दिवस गेस्ट मोड लावून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे नको ते दिसलं की डिसलाइक ठोकायचं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने 2022 मध्ये यूट्यूबच्या 20 हजारांहून जास्त युजर्सचा डेटा बघितला, तर डिसलाइकने नकोशा शिफारशी साधारण 12 टक्केच कमी झाल्या, हिस्टरीतून (आधी बघितलेल्याच्या यादीतून) व्हिडिओ काढल्यावर 29 आणि 'डोन्ट रेकमेंड चॅनल'ने 43. म्हणजे तेही निम्म्याच्या आतच, पण निदान काहीतरी. आणि काही जण तो फालतू व्हिडिओ शेवटपर्यंत बघून मग खाली भांडतात, अहो तुम्ही किती वेळ बघितलं हे यूट्यूब 2012 पासून मोजतंय, तुमचा राग त्याला आवडच वाटणार ना.

वैतागून सगळी हिस्टरी उडवू नका. हिस्टरी बंद आणि मागचंही काही शिल्लक नसेल तर ऑगस्ट 2023 पासून यूट्यूबचं होम पेज जवळजवळ कोरंच दिसतं. त्यापेक्षा गूगलच्या माय अॅक्टिव्हिटीत जाऊन तारखा टाका आणि पाहुण्यांचे तेवढे दिवस डिलीट करा. तिथेच ऑटो डिलीट पण आहे, 3, 18 किंवा 36 महिने.

एवढं करूनही जेसीबी येतोच आहे? मग आईचा फोन बघा. नवीन फोन घेतला तेव्हा घाईघाईत तुमचाच जीमेल टाकून दिला असेल, आणि भाचा सध्या तोच फोन घेऊन बसलेला असेल.