नॉक ऑफ म्हणजे ठोकणं नव्हे

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपच्या एक्स्पोर्ट ऑफिसात लागलो तेव्हा माझं इंग्रजी कागदावर पक्कं होतं. खानापूरकडची मराठी शाळा, पुढं बेळगावात डिप्लोमा. अडलं ते फोनवर. इंग्लंडचं गिऱ्हाईक म्हणालं, "कॅन यू नॉक फाइव्ह परसेंट ऑफ?" नॉक म्हणजे ठोकणं, ऑफ म्हणजे बाजूला. मी आत जाऊन सांगितलं, पाच टक्के जॉब, म्हणजे आपण बनवलेले पार्ट, रिजेक्ट केलेत. "काय सांगालास?" म्हणत सुपरवायझर मामांनी अख्खा लॉट पुन्हा गेजवर मापायला घेतला. चार माणसं दुपारभर राबली. संध्याकाळी मेल आला तेव्हा कळलं, तो भावात पाच टक्के सोडा म्हणत होता.

त्या चौघांची दुपार मला अजून बोचते. म्हणून आपल्या भागातनं नव्यानं लागणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय.

खडेबाजारात आपण "दहा रुपये सोडा की" म्हणतो. शिफ्ट संपली की "सुटलो" म्हणतो. कुणी कटकट लावली की "सोड रे आता". नॉक ऑफ ही तिन्ही कामं करतं. "नॉक टेन पाउंड्स ऑफ" म्हणजे दहा पाउंड सोडा, "वी नॉक ऑफ ॲट फाइव्ह" म्हणजे आम्ही पाचला सुटतो, "नॉक इट ऑफ" म्हणजे पुरे कर. नॉकवर अडून बसू नका, ऑफकडं बघा. काहीतरी सुटतंय. आपणही हाक मारतो, चक्कर मारतो. आपली कन्नड मित्रमंडळी झोपेलासुद्धा 'निद्दी होडी' म्हणतात. मार कुणालाच बसत नाही.

इंग्लंडचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ. त्याआधी उत्तर मिळवा.

इट किंवा देम आलं तर ते मधेच बसतं, "नॉक ऑफ इट" कुणी म्हणत नाही. "नॉक इट ऑफ" गिऱ्हाइकाला चुकूनही म्हणू नका, ते दटावणं आहे. कोटेशनमध्ये रिड्यूस लिहा, नॉक ऑफ बोलण्यापुरतं ठेवा.

आणि जोर कुठं पडतो ते ऐका. क्रियापदात तो ऑफवर पडतो. नॉकवर पडला आणि पुढं "अ नॉकऑफ" असं नाम ऐकू आलं, तर गिऱ्हाईक भावाबद्दल बोलत नाही. तुमचा जॉब कुणाची तरी नक्कल आहे, असं म्हणतोय. तिथं स्वतः उत्तर देऊ नका. फोन मालकांकडं द्या.