भाड्याचं घर सोडताना: भिंतीवरची भोकं आणि रंगाचं ठिगळ

आधी करारनामा काढून वाचा. सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातील असं त्यात लिहिलं असेल, तर फक्त भोकं बुजवा, रंगाच्या भानगडीत पडू नका. तसं नसेल तर चावी द्यायच्या चार दिवस आधी कामाला लागा. पावसाळ्यात आठवडा धरा. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत पुट्टी वरून सुकलेली वाटते, आत ओलीच असते, आणि त्यावर मारलेला रंग फुगतो.

भिंत कसली आहे ते भोकात खिळ्याने खरवडून कळतं. आतून करडी रेती आली तर सिमेंटचं प्लास्टर, पांढरी भुकटीच येत राहिली तर जिप्सम. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत बहुतेक पहिलं, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत बऱ्याचदा दुसरं. जिप्समवरचा खिळा हिसकू नका, पोपडा निघतो. पक्कडीखाली पुठ्ठा ठेवून, गोल फिरवत काढा.

ड्रिलच्या भोकातल्या गिट्टीत (स्क्रू धरून ठेवणारी नळी) स्क्रू अर्धा पिळा आणि स्क्रूसकट सरळ ओढा. हलत नसेल तर बाहेरची कड ब्लेडने कापून गिट्टी 5 मिमी आत ठोका, वरून पुट्टी बसते. भोकाभोवती उचललेला रंग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाबून आत घ्या. हे राहिलं तर कितीही घासलं तरी तिथे टेंगूळ दिसतं. मग धूळ झाडून भोक ओल्या ब्रशने भिजवा. कोरडं प्लास्टर पुट्टीतलं पाणी ओढून घेतं आणि भरलेली जागा तडकते.

वन बीएचकेला पांढऱ्या सिमेंटच्या वॉल पुट्टीचं 1 किलोचं पाकीट पुरतं. 100 ग्रॅमला 35 ते 40 मिली पाणी घालून श्रीखंडाइतकी घट्ट कालवा आणि दोन तासांत संपवा, नंतर पाणी घालून सैल केलेली पुट्टी धरत नाही. खिळ्याचं भोक एका हातात भरतं. 8-10 मिमीचं दोनदा भरा: आधी तळापासून अर्धं, सहा-आठ तासांनी उरलेलं, भिंतीपेक्षा किंचित वर. दुसऱ्या दिवशी 180 नंबरचा सँडपेपर, मग 220. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका पाडा, उंचवटा लगेच दिसतो.

यापुढची पायरी लोक हमखास गाळतात: प्रायमर. पुट्टी रंग पिते, म्हणून तेवढीच जागा निस्तेज दिसते आणि मालकाचं बोट नेमकं तिथेच जातं. वॉटर बेस्ड प्रायमरचा एक हात मारून चार तास थांबा.

रंगाची शेड मालकाला विचारा. माहीत नसेल तर कोपऱ्यातून रुपयाएवढा पापुद्रा ब्लेडने काढून रंगाच्या दुकानात न्या, मशीनवर जुळवून देतात. भिंतीवर ओलं बोट फिरवल्यावर पांढरं लागलं तर तो डिस्टेंपर आहे; त्यावर डिस्टेंपरच मारा. तरीही जुना रंग पिवळटलेला असतो, नवं ठिगळ उठून दिसणारच. दारामागे ते चालेल. हॉलच्या समोरच्या भिंतीवर मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवा, आणि रोलरनेच, कारण ब्रशचे फराटे उजेडात दिसतात.

ओलीने सुटलेले पोपडे बुजवू नका. पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा बाथरूममधून येतंय, पुट्टी पुढच्या पावसात गळून पडेल. तारखेसह फोटो काढून मालकाला लेखी कळवा. गळती दुरुस्त करून घेणं त्यांचं काम आहे.