पत्र्याच्या खोलीला सीलिंग करताय? आधी वळचणीला बॅफल लावा

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की खानदेशात जो तो पत्र्याखाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) कोंबायला निघतो. जळगाव असो, धुळे असो की शहादा, सल्ला ठरलेला: "सगळ्या फटी बुजवा, ग्लासवूल ठासा, खोली गार." होत नाही. पत्रा आणि सीलिंग यांच्यामध्ये तापलेली हवा कोंडली, की रात्री उशिरापर्यंत पंखा गरम हवाच फेकतो. हिवाळ्यात वेगळाच त्रास. पहाटे थंड पत्र्याला आतून पाणी सुटतं, ते खाली ठिबकतं, आणि ओलं ग्लासवूल काही कामाचं राहत नाही.

हवा खालच्या भिंतीकडून आत यावी आणि चढाच्या टोकाने बाहेर पडावी, एवढंच साधायचं आहे. बॅफल ही वळचणीपाशी लावायची ताठ पट्टी. ती ग्लासवूलला पत्र्यापासून लांब धरते.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत काम उरका, तेही सकाळी. दुपारी पत्र्याखाली काम होत नाही. गळती आणि वेल्डिंग आधीच संपवा. ग्लासवूल पसरल्यावर वर ठिणग्या पाडणाऱ्या फॅब्रिकेटरला घरात घेऊ नका.

बॅफल कशाची करायची? ५ मिलिमीटरची सनपॅक शीट, म्हणजे आतून पोकळ नळ्या असलेली प्लॅस्टिकची शीट घ्या, आतल्या नळ्या उताराच्या दिशेने ठेवा, म्हणजे ती वाकत नाही. निवडणुकीचे जुने फलक फुकट मिळतात, पण उन्हात राहून ते कडकडीत झालेले असतात, स्क्रू लावताच तडकतात. थर्माकोल उंदीर कुरतडतात आणि ठिणगीने पेटतो. पुठ्ठ्याला वाळवी लागते. कुणीतरी प्लॅस्टिकची चटई ताणून लावायला सांगेल. जळगावात चटया स्वस्त आहेत म्हणून ती बॅफल होत नाही. दोन उन्हाळ्यांत झोळी होते.

आता वळचण. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच, कारण पत्रा भिंतीवर टेकतो तिथे हात जेमतेम आत जातो. पाहिलं तर मिस्त्रीने पत्र्याच्या नाळ्यांची तोंडं सिमेंटच्या मालाने भरलेली असतात. पाली, चिमण्या, उंदीर नकोत म्हणून. तो माल छिन्नीने काढा. ही तोंडं बंद असतील तर बॅफल लावून काही उपयोग नाही. मोकळ्या तोंडांवर बाहेरून पाव इंची वेल्डमेश लावा. मच्छरजाळी लावू नका, धुळीने ती पहिल्याच वावटळीत बुजते.

जागा किती लागते? साधारण नियम असा, की सीलिंगच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी वाट हवी, अर्धी खाली आणि अर्धी वर. १५ बाय २० च्या खोलीला खाली १ आणि वर १ चौरस फूट. जाळीच्या तारा त्यातली काही जागा खातात, तेव्हा हात सैल सोडा. नाळ्या पुरत नसतील तर पत्र्याखालच्या भिंतीत आणखी भोकं पाडा, पण ती बॅफलच्या वर उघडली पाहिजेत.

मग पट्टी. पत्रा आणि बॅफल यांच्यात दोन इंच अंतर ठेवा, एक इंचाच्या खाली तर जाऊच नका. अंतर टिकवायला दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे मध्ये ठेवून पट्टी पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या आधाराला) स्क्रूने आवळा. दुहेरी टेपवर विसंबू नका, मे महिन्यात तो सुटतोच. पट्टीचं खालचं टोक दुमडून भिंतीच्या आतल्या कडेला चिकटून बसवा आणि सांधा फॉइल टेपने बंद करा, नाहीतर वारा सरळ ग्लासवूलमध्ये शिरतो आणि त्याचा गुण जातो. वरचं टोक ग्लासवूलच्या पाठीपेक्षा निदान सहा इंच वर निघालं पाहिजे. बहुतेक जण नेमकं इथे आखूड कापतात, ग्लासवूल टोकावरून पलीकडे लोळतं आणि वाट बंद होते.

ग्लासवूल पसरा. कडेला दाबून भरू नका, दबलेल्या ग्लासवूलची जाडी जाते आणि जाडीबरोबर गुणही. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

फॉइल लावायचा असेल तर चकचकीत बाजू खाली, आणि तिच्याखाली मोकळी हवा हवी. दोन्ही बाजूंनी कशाला तरी चिकटलेला फॉइल उष्णता सरळ पुढे पाठवतो.

वरचं टोक: एकपाखी छप्पर असेल तर उंच भिंतीत जाळीची खिडकी, दुपाखी असेल तर आढ्याच्या टोपीखाली फट. टर्बो फॅन (पत्र्यावर बसणारा, वाऱ्याने फिरून हवा ओढणारा) शेवटी लावा. खालची वाट नसताना तो लाइटच्या भोकांतून खोलीतलीच हवा ओढतो. कूलर लावून गार केलेली हवा छतातून बाहेर जाते आणि बिल तुम्ही भरता.

सीलिंगचे शेवटचे बोर्ड लावण्याआधी दुपारी वळचणीच्या जाळीपाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर बोर्ड बसवा. तिथेच घुटमळला तर आधी पट्ट्यांची वरची टोकं बघा.

जिनिंगच्या आसपास राहत असाल तर कापसाचा हंगाम संपला की जाळी ब्रशने झाडा, तंतू बसून ती पांढरी झालेली असते.