दोन सारख्याच बेजमध्ये अडकलात? या चुका टाळा

भिंतीच्या रंगांच्या शेडकार्डावर दोन बेज शेजारी-शेजारी बघितले की वाटतं, यात फरक तो काय! फरक असतो, पण बहुतेक वेळा फिकट-गडदाचा नाही, झाकेचा. एकात गुलाबी झाक, दुसऱ्यात पिवळट किंवा हिरवट. कार्ड नुसतं हातात धरून ती कळत नाही. दोन्ही शेड्स पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवा, झाक लगेच उघडी पडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुन्या रंगावरच सॅम्पलचे पट्टे ओढणं. भिंत आधी हिरवट असेल तर तिच्यावरचा बेज उगाचच गुलाबी भासतो, आणि चांगली शेड हकनाक बाद होते. त्यापेक्षा दोन फुटी पांढरा बोर्ड घ्या, कडेला पांढरी पट्टी सोडून रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. ओला रंग बघून मत बनवू नका. इमल्शन, म्हणजे भिंतींना लावतात तो पाण्यात मिसळणारा रंग, वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं. मग बोर्ड खोलीभर फिरवा: खिडकीसमोर, अंधाऱ्या कोपऱ्यात, सोफ्यामागे. आणि तो उभाच धरा. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या बोर्डावर प्रकाश वेगळा पडतो.

दिवसा एकसारख्या दिसणाऱ्या दोन शेड्स रात्री दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात, कारण त्यांत वापरलेली रंगद्रव्यं वेगळी असतात. २७०० केल्विनचा (बल्बवर लिहिलेला हा आकडा प्रकाशाची झाक सांगतो) पिवळसर बल्ब पिवळेपणा वाढवतो, ६५०० चा पांढराशुभ्र बल्ब तोच बेज राखाडी, निस्तेज करतो. खोली जास्त करून संध्याकाळी वापरात असेल तर निकाल संध्याकाळीच लावा.

फरशी आणि दारं बदलणार नसाल तर त्यांचं ऐका. फरशीत गुलाबी छटा असेल तर पिवळट बेज तिच्याशेजारी मळकट वाटतो.

एवढं करूनही फरक दिसत नसेल, तर तो भिंतीवरही फारसा जाणवणार नाही. उगाच घोळ घालू नका. दोन्हींतली एक निवडायला शेडच्या माहितीत एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू) बघा. रंग किती प्रकाश परत फेकतो, हे सांगणारा हा ० ते १०० मधला आकडा. खोली अंधारी असेल तर मोठ्या आकड्याची शेड घ्या.

रंग देऊन झालाय आणि आता खटकतोय? पेंटरला परत बोलावण्याआधी बल्ब बदलून बघा.