खाड्या आणि भूशिरांच्या किनाऱ्यावर वारा-लाटांचा अंदाज कसा बांधावा

गंगापूर धरणाच्या जलाशयावर पश्चिमेचा वारा सुटला की पश्चिम काठाच्या आडोशाला पाणी बरेचसे शांत असते आणि पूर्वेकडच्या भिंतीवर मात्र लाटा आपटत असतात. वारा एकच असतो. त्याला पाण्यावरून मिळालेली मोकळी धाव वेगळी असते. नाशिकहून अलिबागकडे निघून मांडव्याची लाँच पकडणाऱ्याने समुद्राचा अंदाजही याच नजरेने वाचावा.

प्रथम हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राचा सागरी अंदाज उघडून वाऱ्याचा वेग व दिशा आणि लाटांची उंची, दिशा व आवर्तनकाळ (एका लाटेमागून दुसरी येईपर्यंतचा वेळ) टिपून घ्यावा. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा. अंदाजातली उंची ही साधारणपणे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यामुळे एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही उठू शकते.

मग नकाशा घ्यावा. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा. आपल्या ठिकाणापासून वारा येतो त्या दिशेला जमीन लागेपर्यंत रेषा ओढून अंतर मोजावे आणि तिच्या दोन्ही बाजूंना थोड्या तिरक्या रेषा ओढून तीही अंतरे पाहावीत. ताशी ३६ किलोमीटरचा वारा १० किलोमीटरच्या धावेवर सुमारे अर्ध्या मीटरची लाट उठवतो. १०० किलोमीटरची धाव आणि पुरेसा वेळ मिळाल्यास तीच दीड मीटरच्या आसपास जाते. धाव चौपट झाली की उंची ढोबळमानाने दुप्पट होते. गेटवेहून निघालेली लाँच प्रथम कुलाब्याच्या आडोशात असते, पण कुलाब्याचे टोक मागे पडताच पश्चिमेला खुला अरबी समुद्र लागतो, म्हणून दोन्ही टप्प्यांच्या रेषा वेगळ्या काढाव्यात.

त्यानंतर वाऱ्याचा आकडा तपासावा. हा अंदाज बांधणारे संगणकीय प्रारूप समुद्राचे चौकोन पाडून हिशेब करते आणि मोठ्या चौकोनात लहान उपसागर, बेट किंवा डोंगर दिसतच नाही. युरोपातल्या, डोंगरांनी वेढलेल्या एड्रियाटिक समुद्रात खिंडींतून कोसळणारा ‘बोरा’ वारा जागतिक प्रारूपांना अनेकदा कमी ताकदीचा दिसतो, तो याचमुळे. आपल्याकडे पावसाळा सोडून इतर महिन्यांत दुपारचे खारे वारे किनाऱ्याजवळ जोर धरतात, म्हणून दिवसभराच्या सरासरीवर न विसंबता तासागणिक आकडे पाहावेत.

आवर्तनकाळ दहा सेकंदांहून जास्त असेल, तर त्या बहुधा दुरून आलेल्या लांब लाटा असतात. स्थानिक वारा पडलेला असला तरी त्या येतात, उथळ पाण्यात वळतात, भूशिरावर एकवटतात आणि त्याच्या आडच्या उपसागरातही कमी उंचीने शिरतात.

शेवटी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा लोंढा येणाऱ्या लाटांना सामोरा भिडला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि उधाणाच्या दिवसांत हे जास्त तीव्र असते. त्या मुखातून रोज होडी काढणाऱ्या तांडेलाला, कोणत्या वाऱ्याला तिथे पाणी फुटते, हे निघण्यापूर्वी अवश्य विचारावे.